मायक्रॉन नंतर विचारा, आधी कापड किती फूट ते विचारा

आमच्या शेडच्या पश्चिमेकडच्या पत्र्याला एक भोक आहे. पत्रे ठोकताना एक स्क्रू चुकला होता, त्याची ती खूण. उन्हाळ्यात चार-साडेचारला त्या भोकातून कवडसा आत येतो आणि करवतीच्या टेबलापाशी पडतो. परभणीतल्या घरामागच्या या शेडमध्ये मी निवृत्तीनंतर लाकूडकाम करतो. त्याआधी शाळेत विज्ञान शिकवायचो. भुसा ओढून पिशवीत गाळणारा नवा डस्ट कलेक्टर बसवला त्या दिवशी दोन तास एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेली फळी, कापला, मशीन बंद केलं, घरात जाऊन चहा घेतला आणि अर्ध्या तासानं परत आलो. जमीन स्वच्छ होती. कवडशात मात्र धूळ तरंगत होती, वैशाखात फुफाट्याच्या रस्त्यावरून एसटी गेल्यावर मागं राहते तशी.

पिशवीवर ठळक छापलेलं होतं, '५ मायक्रॉन'. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, नवी पिशवी हाय, आठ दिवसांत आपोआप बंद होतंय." तो खोटं बोलत नव्हता, पण अर्धंच बोलत होता. उरलेलं अर्धं कळायला मला वर्ष लागलं आणि मधे एक पिशवी फुकट गेली. घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या कुणाचं तरी ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

धूळ म्हणजे नेमकी कोणती

भुसा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो रंध्याचा कीस, ढलप्या, करवतीखालचा ढीग. त्यातलं काही फुप्फुसात खोल जात नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १०० मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून सुटला तर पाचेक सेकंदांत जमिनीला टेकतो. १० मायक्रॉनचा कण सात-आठ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला, हवा अगदी स्थिर असली तरी, दहाएक तास लागतात. आणि मराठवाड्यातल्या शेडमध्ये हवा स्थिर असते कधी? मार्चपासून कूलर चालूच असतो. संध्याकाळी उडवलेली धूळ आपण सकाळी शेड उघडल्यावर श्वासातून घेतो, तीही मास्क न लावता, कारण तेव्हा काम सुरू नसतं ना!

आमच्या गल्लीतले मिस्त्री चाळीस वर्षं रुमाल बांधून काम करतात. त्यांनी विचारलं, "सर, भुश्शानं कुणाला काय झालंय का?" झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते असं पक्कं ठरलेल्या गोष्टींत टाकली. हा कर्करोग मुख्यतः नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. ते निष्कर्ष वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यात राबलेल्या कामगारांवरून काढलेले आहेत, रविवारी स्टूल बनवणाऱ्यावरून नाही, हे मी मिस्त्रींना सांगितलं. पण दमा, सर्दी, डोळ्यांची आग, अंगावरची खाज यांना एवढा काळ लागत नाही. सागवानातल्या द्रव्यांनी काहींच्या हाताला पुरळ उठतं. किनवटचं सागवान कापून हात खाजवणारे सुतार मी पाहिलेत. एमडीएफमध्ये तर लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडची चिकटराळही असते.

किती धूळ चालते? अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस आहे एक घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम. युरोपात कठीण लाकडासाठी २०२३ पासून २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. माझी शेड १२ बाय १५ फूट, उंची १० फूट. आतली हवा सुमारे ५१ घनमीटर. म्हणजे सगळ्या शेडमध्ये मिळून ५१ मिलिग्रॅम. चिमटीत धरलेलं मीठसुद्धा याहून बरंच जास्त भरतं. तेवढी धूळ हवेत राहिली की शिफारशीची मर्यादा गाठली. सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र, तेवढी धूळ किती पटकन उडवत असेल, त्याचा अंदाज तुम्हीच बांधा.

फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे

इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली. ५ मायक्रॉनची पिशवी म्हणजे ५ मायक्रॉनची भोकं, त्याहून मोठं अडकणार आणि लहान निसटणार, असं आपण धरून चालतो. पिठाच्या चाळणीला ते लागू आहे. फिल्टरचं काम वेगळ्या रीतीनं चालतं.

भरल्या आठवडी बाजारातून तीन जण चाललेत असं समजा. एक उधळलेली म्हैस, एक सवयीचा गिऱ्हाईक आणि एक नुकतं चालायला लागलेलं पोर. म्हैस अंगानं मोठी आणि वेगात. तिला वळता येत नाही, ती पहिल्याच पालावर आदळते. पोर इवलंसं, पण ते सरळ चालतच नाही. इकडे झेपावतं, तिकडे झेपावतं आणि कुणाच्या तरी पायाला अडकतं. बाजारातून न धडकता बाहेर पडतो तो मधला सवयीचा माणूस.

फिल्टरचे धागे म्हणजे ती पालं. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्यामुळे धाग्यांवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि कुठल्या तरी धाग्याला चिकटतात. सगळ्यात अवघड आकार मधला, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून हेपा नावाच्या अतिशय बारीक गाळणाऱ्या फिल्टरची परीक्षा त्या आकारावर घेतात आणि ९९.९७ टक्के ही त्याची खूण. एन-९५ मास्कमधले ९५ टक्केही साधारण त्याच आकाराच्या कणांसाठी. रुमालाला असली कोणतीच टक्केवारी नसते.

म्हणून 'इतके मायक्रॉन' हा आकडा एकटा असेल तर त्याला अर्थ नाही. ५ मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात? निम्मे, की शंभरातले नव्याण्णव? पिशवीवर ते लिहिलेलं नसतं. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: "अर्धा ते एक मायक्रॉनचे किती टक्के कण धरतो, आणि त्याचा चाचणीचा कागद आहे का?" कागद नसेल तर आकड्याला जाहिरात समजा. काही कार्ट्रिजवर, म्हणजे पिशवीऐवजी बसवायच्या चुण्यांच्या गोल फिल्टरवर, 'मर्व्ह' श्रेणी लिहिलेली असते. ती या बाबतीत जास्त प्रामाणिक, कारण ती आकार आणि टक्केवारी दोन्ही धरते. मर्व्ह १५ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनमधले किमान ८५ टक्के कण. मर्व्ह १३ ला त्याच आकाराचे निम्मेच. घरच्या शेडमध्ये हवा आतच फिरवायची असेल तर मी १५ च्या खाली जाणार नाही.

तर विक्रेत्याचं 'आपोआप बंद होतंय' कितपत खरं? कापडाची पिशवी नवी असते तेव्हा धाग्यांमधून बारीक धूळ आरपार जाते. काही दिवसांनी आतल्या बाजूला भुश्शाचा पातळ थर धरतो आणि मग तो थरच फिल्टर होतो. शेणानं सारवलेल्या कणगीसारखं ते. विणीच्या फटी सारवणानं बुजतात. इतपत तो बरोबर होता. न सांगितलेली गोष्ट ही की थर जसा जाड होतो तशी हवा अडते आणि ओढ कमी होते. ओढ कमी झाली की करवतीपाशी उडालेली धूळ पाइपात शिरतच नाही, सरळ तुमच्या नाकाकडे येते. मग आपण पिशवी झटकतो, थर पडतो, ओढ परत येते आणि गळतीही परत येते. वर्षभर मी हेच चक्र फिरवत होतो.

लुगड्याच्या निऱ्या

या चक्रातून बाहेर पडायला क्षेत्रफळ लागतं, आणि सगळ्या निवडीत मी सर्वांत जास्त वजन त्यालाच देतो.

माझ्या कलेक्टरची पिशवी २० इंच व्यासाची, ३२ इंच उंच. परिघाला उंचीनं गुणा, कापड भरतं अवघं १४ चौरस फूट. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, २ हॉर्सपॉवरचा, पाइप वगैरे जोडल्यावर मिनिटाला समजा ८०० घनफूट हवा फेकतो. याला दुकानात सीएफएम म्हणतात. ८०० भागिले १४ म्हणजे ५७. कापडाच्या दर चौरस फुटातून मिनिटाला ५७ घनफूट हवा रेटली जाते. एवढ्या जोरात बारीक कण थरातून पार ढकलले जातात आणि उरलेले कापडात इतके खोल रुततात की झटकून निघत नाहीत.

आता कार्ट्रिज घ्या. बाहेरून तो पिशवीपेक्षा लहान दिसतो. पण आत १५० चुण्या, दर चुणीची खोली पावणेदोन इंच, दोन्ही बाजू मिळून साडेतीन, उंची २६ इंच. हिशेब केला तर ९५ चौरस फूट. आजीचं नऊवारी लुगडं कमरेभोवती कसं बसायचं? निऱ्यांमुळे. तीच युक्ती इथे. ८०० भागिले ९५ म्हणजे साडेआठच्या आत. तीच हवा, तोच ब्लोअर, पण कापडावरचा वेग जवळपास सातपट कमी.

याचा फायदा सातपटीवर थांबत नाही. थराचा अडथळा दोन गोष्टींच्या गुणाकारानं ठरतो, थराची जाडी आणि त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट केलं की तोच भुसा दुप्पट जागेत पसरून थर निम्मा होतो आणि वेगही निम्मा होतो. अडथळा चौथाईवर येतो. एवढासा हिशेब दुकानात कुणी करून दाखवत नाही. दाखवला तर लोक मोठं मशीन घेण्याऐवजी मोठा फिल्टर घेतील.

माझा ठोकताळा सांगतो: खऱ्या सीएफएमला १० नं भागा आणि निदान तेवढे चौरस फूट कापड असू द्या. एमडीएफ आणि सँडिंग जास्त असेल तर ५ नं भागा.

'खऱ्या' सीएफएमला, असं मुद्दाम म्हणतोय. खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो. शेतातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप लावला तर भुसा वाहून नेण्याच्या नेहमीच्या वेगाला, म्हणजे मिनिटाला ४००० फुटांना, त्यातून पावणेचारशे सीएफएमच्या आसपासच हवा जाते. खोक्यावर १५०० लिहिलेलं असू द्या. १६० मिलिमीटरच्या पाइपातून त्याच वेगाला आठशेच्या जवळपास जाते. हे पाइप ठिबक आणि पाइपलाइनचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. नालीदार लवचीक पाइप मात्र दोन-तीन फुटांपेक्षा जास्त वापरू नका, तो हवेची ओढ खातो. कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकच्या पाइपाला हात लागला की चटका बसतो. त्यासाठी पाइपावरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली की झालं.

पिशवी, फेल्ट, कार्ट्रिज

मशीनबरोबर येणारी पातळ पिशवी ढलप्या आणि किसासाठी ठीक. नुसतं प्लेनिंग करत असाल आणि शेडचं दार सताड उघडं असेल तर तिच्यावर भागेल.

त्यापुढची पायरी नीडल फेल्टची पिशवी. हे विणलेलं कापड नसतं; सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवलेला पॉलिस्टरचा जाड नमदा असतो. बाजारात तो वजनावर ओळखला जातो आणि ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम, हा नेहमीचा. कारखान्यांच्या धूळ पकडणाऱ्या यंत्रांत हाच वापरतात, त्यामुळे औद्योगिक वसाहतींजवळच्या दुकानांत चौकशी केली की मिळतो. पृष्ठभाग भाजून गुळगुळीत केलेला मागा, त्याच्यावरून थर सहज सुटतो. मराठवाड्यातल्या कुणालाही माझी शिफारस अशी की हे कापड आणून तंबू-ताडपत्री शिवणाऱ्याकडून लांब पिशव्या शिवून घ्याव्यात. १८ इंच व्यासाची, ८ फूट उंच पिशवी आढ्याला टांगली की ३७ चौरस फूट मिळतात. दोन टांगल्या की ७५. दिसायला गबाळं दिसतं, घरातले हसतात. पण झटकायला सोपं आणि फाटलं तर ठिगळ लावता येतं. शिवण दुहेरी हवी आणि सुईच्या भोकांवरून आतून पट्टी किंवा सिलिकॉन फिरवायला सांगा, नाहीतर धूळ शिवणीतूनच येते.

कार्ट्रिज दोन जातींचे. कागदाचे, म्हणजे सेल्युलोज मिसळलेले, आणि निव्वळ पॉलिस्टरचे. कागदाचा स्वस्त आणि बारीक धूळ धरायला चांगला, पण ओल लागली की तो फुगतो आणि त्यात धूळ लापशीसारखी बसते. आपल्याकडची आठ महिने कोरडी हवा पाहून मी आधी कागदाचाच घ्यायच्या विचारात होतो. मग कूलर आठवला. उन्हाळाभर वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा शेडमध्ये येते आणि उन्हाळा संपला की पावसाळा. म्हणजे कागदाला कोरडा असा हिवाळाच मिळाला. पॉलिस्टरचा घेतला. तो धुताही येतो. त्यावर टेफ्लॉनची अतिशय पातळ झिल्ली चढवलेले प्रकारही असतात. धूळ आत रुतत नाही, वरच्या वर राहते आणि हलक्या झटक्यानं पडते. महाग आहेत, पण रोज सँडर चालवणाऱ्याला परवडतील.

चुण्या फार दाट असलेला कार्ट्रिज पाहून हुरळून जाऊ नका. कागदावर क्षेत्रफळ खूप दिसतं, पण लाकडाचा तंतुमय भुसा दोन चुण्यांमध्ये पूल बांधून बसतो आणि आतली जागा वाया जाते. दोन चुण्यांमध्ये करंगळीचं टोक जाईल इतकं अंतर मला बरं वाटतं.

ट्रकचा एअर फिल्टर लावायची कल्पना अनेकांना सुचते, मलाही सुचली. त्याची गाळण उत्तम असते. पण तो बाहेरून आत जाणाऱ्या हवेसाठी बनवलेला. धूळ बाहेरच्या अंगाला बसावी आणि झटकता यावी. आपल्या साध्या कलेक्टरात हवा आतून बाहेर जाते, त्यामुळे धूळ आतल्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे बसते. शिवाय तो कागदाचा.

हेपा? सँडरला जोडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी जरूर घ्या. तिथे हवा थोडी आणि धूळ बारीक असते. मोठ्या कलेक्टरवर त्याच्या आधी दुसरा फिल्टर नसेल तर तो लवकर तुंबतो. आणि कुठलाही फिल्टर घेतला तरी गॅस्केट, म्हणजे जोडाची फट बुजवणारी पट्टी, पाहा. पट्ट्याच्या फटीतून दोन टक्के हवा निसटत असेल तर आत ९९.९७ चा फिल्टर बसवूनही तुमच्या पदरात ९८ च पडतात. दोन दिवस काम करून जोडाच्या कडेनं बोट फिरवा. फट असेल तर तिथे भुश्शाची बारीक रेघ उमटलेली असते.

फिल्टरच्या आधीची उपणणी

खळ्यावर वाऱ्यात उपणायला लागलं की दाणा पायाशी पडतो आणि भुसकट लांब जातं. सायक्लोन हेच काम गोल गोल फिरवून करतो. हवा शंकूत गरगरते, जड भुसा भिंतीला लागून खालच्या पिंपात पडतो आणि हवा मधून वर निघून फिल्टरकडे जाते. लातूरला डाळ मिलच्या बाजूनं गेलात तर छपरावर पत्र्याचे उलटे शंकू दिसतात, ते हेच. ट्रॅक्टरवाल्यांना तर समजावून सांगायलाच नको. एअर क्लीनरला आधी धूळ झटकून टाकणारी वाटी आणि मग फिल्टर अशी दुहेरी सोय का असते, हे नांगरणी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सायक्लोन लावला की पिंपातच बहुतेक भुसा पडतो आणि फिल्टरवर फक्त बारीक धूळ जाते. साफ करण्याचं अंतर आठवड्यावरून महिन्यांवर जातं. सायक्लोनही थोडी ओढ खातोच, पण तो अडथळा रोज सारखाच राहतो, तुंबलेल्या पिशवीसारखा वाढत जात नाही. मात्र सायक्लोन अगदी बारीक धूळ पकडत नाही. तो लावला म्हणून फिल्टर स्वस्तातला चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका; उलट आता फिल्टरकडे जाते ती फक्त वाईट धूळ.

फिल्टर हवाच का?

हा प्रश्न खरं तर सुरुवातीलाच विचारायचा. मी मशीन घेऊन झाल्यावर विचारला.

फिल्टरची एवढी चर्चा करणारी माहिती बहुतेक थंड देशांतून येते. तिथे हिवाळ्यात खोली तापवलेली असते आणि ती ऊबदार हवा बाहेर फेकणं म्हणजे पैसे फेकणं. म्हणून हवा गाळून परत आत सोडतात. आपल्याला ऊब कुठे टिकवायचीय? सायक्लोनमधून निघालेली हवा पाइपानं सरळ भिंतीबाहेर काढली तर फिल्टरचा खर्च नाही, तुंबणं नाही, शेडमधल्या कवडशात धूळ नाही. ८०० सीएफएमला माझ्या शेडमधली १८०० घनफूट हवा सव्वादोन मिनिटांत बदलते. जितकी हवा बाहेर जाते तितकीच आत यायला वाट हवी, नाहीतर ब्लोअर नुसता घुसमटतो. ती वाट म्हणजे खिडकीतला कूलर. कूलर नीट चालायला खोलीतली हवा बाहेर जावी लागते हे आपल्याला माहीतच आहे. इथे दोघं एकमेकांचं काम करतात.

तुमची शेड शेतात, मळ्यात किंवा वस्तीच्या कडेला असेल तर डोळे झाकून हेच करा. पाइपाचं तोंड खाली वळवा म्हणजे पावसाचं पाणी शिरणार नाही.

माझी शेड गल्लीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या गच्चीवर कुरडया, पापड, शेवयांची वाळवणं पडतात. एक दिवस पाइप बाहेर काढला आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंनी कुरडईचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, काही न बोलता. दुसऱ्या दिवशी मी कार्ट्रिजची चौकशी सुरू केली.

पाणसाळीची नळी

फिल्टर तुंबला हे कसं ओळखायचं? डोळ्यांनी नाही. काळपट दिसणारा फिल्टर उत्तम चालत असू शकतो, आणि पांढराशुभ्र दिसणारा आतून गच्च भरलेला असू शकतो.

गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा, मध्ये इंचांची पट्टी लावा आणि निम्म्यापर्यंत रंग टाकलेलं पाणी भरा. एक टोक ब्लोअर आणि फिल्टर यांच्या मधल्या भागात भोक पाडून घट्ट बसवा, दुसरं मोकळं ठेवा. मशीन सुरू केलं की एका बाजूचं पाणी खाली जातं आणि दुसऱ्या बाजूचं चढतं. दोन्ही पातळ्यांतलं अंतर म्हणजे फिल्टरचा अडथळा. नवा कार्ट्रिज बसवल्यावर काही दिवसांनी माझ्याकडे ते पाऊण इंच होतं. दीड इंच झालं की मी साफ करतो. तुमचा आकडा वेगळा येईल. सुरुवातीचा फळीवर लिहून ठेवा आणि दुप्पट झाला की उठा. कधी आकडा एकाएकी कमी झाला तर खूश होऊ नका. फिल्टर फाटला असेल किंवा पाइप कुठे तरी चोंदला असेल.

साफ करताना फिल्टर बाहेर अंगणात न्या, वाऱ्याकडे पाठ करा आणि एन-९५ लावा. सगळ्या कामात सर्वांत वाईट धूळ या दहा मिनिटांत उडते. हवा स्वच्छ बाजूनं मळक्या बाजूकडे मारायची. आपल्या कार्ट्रिजला म्हणजे बाहेरून आत. कंप्रेसरचा दाब कमी ठेवा आणि नोझल वीतभर लांब, जवळ नेलं तर कापडाला भोक पडतं. अंधारात आत टॉर्च धरून बाहेरून बघितलं की भोक चांदणीसारखं दिसतं. धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका, आणि श्रावणात धुवायच्या फंदात पडू नका. चकाचक करायचीही गरज नसते, पातळ थर राहिलेला बरा.

शेडमध्ये कोरडा झाडू मारणं मी सोडलं. आधी जमिनीवर सड्यासारखं पाणी शिंपडतो, मग लोटतो.

पिंपात जमा झालेल्या भुश्शाचं काय करायचं, हे माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात. बाभूळ, आंबा, कडुलिंब यांचा भुसा शेजारच्या गोठ्यात म्हशींच्या खाली अंथरायला जातो आणि शेणाबरोबर उकिरड्यात कुजतो. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मी वेगळ्या पोत्यात भरतो. त्यात चिकटराळ असते, म्हणून तो गोठ्यात देत नाही आणि चुलीत घालू देत नाही. मिस्त्रींनी त्या पोत्यावर खडूनं लिहून ठेवलंय, 'सरांचं, हात लावू नये'.